‘वाटून घेतलेले दारिद्र्य’ आणि जावाचे खेडे

खेड्याविषयी लिहिताना लेखकाला एक मोह हमखास पडतो. खेडे म्हणजे एक मोठे कुटुंब, तेथे जे थोडेफार असेल ते सर्व मिळून खातात आणि म्हणून तेथील गरिबीलाही एक प्रकारची शोभा असते, असे मानण्याचा हा मोह आहे. आपल्या भाषेतील ग्रामीण लेखन त्यातून सर्वस्वी सुटलेले नाही. परदेशी विद्वानही सुटलेले नाहीत. इंडोनेशियातील जावा बेटावर भातशेती करून राहणाऱ्या खेड्यांविषयी गेल्या साठ वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात ह्या मोहाला सर्वांत देखणे रूप दिले ते क्लिफर्ड गीर्त्झ ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅग्रिकल्चरल इन्व्होल्यूशन’ ह्या त्यांच्या छोटेखानी ग्रंथाने एक शब्दप्रयोग रूढ केला. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर ‘वाटून घेतलेले दारिद्र्य’ असा सांगावा लागेल. ग्रंथ न वाचलेल्यांच्याही तोंडी तो बसला. प्रस्तुत लेखात त्या ग्रंथाचे गुणदोष पाहताना आम्ही एकच प्रश्न हाती धरून चालणार आहोत. दारिद्र्य वाटून घेतले असेल, तर जमीन कोणाची होती?

प्रथम ग्रंथकाराविषयी. गीर्त्झ आणि त्यांच्या पत्नी हिल्ड्रेड १९५२ ते १९५४ ह्या काळात पूर्व जावातील पारे ह्या गावी राहिले. त्यांच्या लेखनात हे गाव ‘मोजोकुतो’ ह्या टोपणनावाने येते. त्या मुक्कामातून १९६० साली ‘द रिलिजन ऑफ जावा’ हा ग्रंथ सिद्ध झाला. जावानी खेडुताच्या जीवनात ‘स्लामेतान’ नावाच्या साध्या सहभोजनाला केवढे स्थान आहे, हे त्यात त्यांनी आत्मीयतेने दाखविले आहे. मूल जन्माला आले, सुंता झाली, लग्न ठरले, कोणी वारले, पीक हाती आले, की शेजाऱ्यांना बोलवायचे, चटईवर भाताचा शंकू मांडायचा, प्रार्थना म्हणायची, दोन घास तेथे खाऊन उरलेले केळीच्या पानात बांधून घरी न्यायचे. हे वर्णन प्रत्यक्ष पाहिलेल्याचे आहे, आणि ते वाचताना शेजारधर्म म्हणजे काय हे मनाला जाणवते. ‘अॅग्रिकल्चरल इन्व्होल्यूशन’ मात्र निराळ्या घडणीचे पुस्तक आहे. ते मुख्यतः वसाहतकाळातील इतिहास व आकडेवारी ह्यांवर उभे आहे. एखाद्या गावाचा खातेउतारा घेऊन ते बसलेले नाही. ही गोष्ट वाचकाने आरंभीच लक्षात ठेवावी.

ग्रंथाची मध्यवर्ती कल्पना अशी आहे. जावाचे क्षेत्रफळ इंडोनेशियाच्या सुमारे सात टक्के. परंतु १९६१ च्या शिरगणतीत देशाच्या सुमारे ९ कोटी ७० लाख लोकसंख्येपैकी ६ कोटी ३० लाख माणसे जावा व त्याला लागून असलेल्या मादुरा ह्या बेटांवर होती. एवढ्या माणसांना ही भूमी पोसू शकली ती ‘सावाह’मुळे. सावाह म्हणजे बांध घालून पाणी कोंडलेले भातखाचर. कोकणातील वाचकाला ते समजावून सांगण्याची गरज नाही. ह्या खाचराचा एक विलक्षण गुण असा, की त्यात जितके अधिक हात राबतील तितके ते थोडे अधिक देते. बांध नीट लिंपले, रोपे ओळीने लावली, पाण्याची पातळी बोटभर वर-खाली राखली, बेणणी दोनदा केली, की पायली-दोन पायली वाढते. गीर्त्झ यांनी ह्या खाचराचे वर्णन पाण्यात नांदणाऱ्या एका स्वयंपूर्ण सृष्टीसारखे केले आहे, आणि जमिनीच्या कसापेक्षा पाण्यातून येणारी पोषक द्रव्ये भाताला कशी तारतात हे इतक्या सुबोधपणे सांगितले आहे, की शेतीशास्त्राच्या पुस्तकांनी त्याचा कित्ता गिरवावा.

१८३० मध्ये गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बोश यांनी डच सरकारच्या वतीने सक्तीची लागवडपद्धती आणली. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाला द्यावा, हे तिचे कागदावरचे सूत्र. ऊस, नीळ, कॉफी ही पिके युरोपच्या बाजारात गेली. १८७० च्या जमीनविषयक कायद्यानंतर सरकारची जागा खाजगी साखर कारखान्यांनी घेतली. त्यांना शेतकऱ्याची जमीन विकत घेता येत नसे. म्हणून ते ती खंडाने घेत आणि आळीपाळीने तिच्यात ऊस लावीत. ऊस आणि भात ह्यांना एकाच प्रकारची सपाट, पाण्याखाली भिजणारी जमीन लागते. गीर्त्झ यांचे म्हणणे असे, की ह्या सहवासामुळे जावाचा शेतकरी ना धड मजूर झाला, ना धड आधुनिक शेतकरी. वाढती लोकसंख्या त्याच खाचरात सामावत गेली. कामाचे तुकडे झाले, जमिनीच्या उपभोगाचे तुकडे झाले. अर्धेलीने घेतलेल्या शेतात पुन्हा दुसऱ्याला वाटेकरी करून घेतले गेले. ह्या आतल्या आत गुंतत जाण्याला त्यांनी ‘इन्व्होल्यूशन’ म्हटले. हा शब्द त्यांनी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्याकडून घेतला. एखादी कला नवा आकार न शोधता जुन्याच आकारावर अधिकाधिक नक्षी चढवीत राहते, त्या अवस्थेसाठी गोल्डनवायझर यांनी तो वापरला होता.

कल्पना निःसंशय मोठी आहे. जावाच्या गरिबीचे खापर जावानी माणसाच्या आळसावर फोडणाऱ्या वसाहती अर्थशास्त्राला तिने चोख उत्तर दिले. गरिबीला इतिहास असतो, ती कोणाच्या तरी लाभासाठी घडविली जाते, हे तिने दाखविले. ह्या ग्रंथाचे हे ऋण त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले आहे. आमचा आक्षेप पुढे आहे. शेवटच्या प्रकरणांत, जेथे खेड्याच्या आत डोकावण्याची वेळ येते, तेथे ग्रंथकार मोजणे थांबवतात आणि सूर लावतात. गावात ‘आहे रे’ आणि ‘नाही रे’ असे दोन वर्ग पडले नाहीत, तर जेमतेम पुरेसे असलेले आणि तेवढेही नसलेले असे दोन सौम्य थर राहिले, असे ते सुचवितात. जेमतेम पुरेशा स्थितीसाठी जावानी भाषेत ‘चुकुपान’ असा शब्द आहे. कानाला तो शब्द गोड लागतो. परंतु ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे ग्रंथ विचारीत नाही.

वस्तुतः जावाच्या खेड्याला ह्या बाबतीत संदिग्धता कधीच नव्हती. गावात कोणाची पायरी कोणती, हे मालमत्तेवरून ठरत असे, आणि प्रत्येक पायरीला नाव होते. ज्याच्याकडे खाचर, राहते घर आणि घराभोवतीची वाडी ही तिन्ही होती तो गावचा खरा घटक. कोठे त्याला ‘गोगोल’ म्हणत, कोठे ‘सिकेप’, कोठे ‘कुली केंचेंग’. सरकारी वेठबिगार त्याच्यावर असे, पण गावच्या सभेत बसण्याचा मानही त्याचाच. त्याच्या खाली घर आणि वाडी असलेले, पण खाचर नसलेले. त्याहून खाली दुसऱ्याच्या वाडीत झोपडी घालून राहणारे, आणि सर्वांत खाली दुसऱ्याच्या घरातच आसरा घेतलेले. सर्वांच्या वर गावचा मुख्य, म्हणजे ‘लुराह’. त्याला पगाराच्या जागी ‘बेंगकोक’ नावाची जमीन मिळे. आपल्याकडील वतनाशी तिचे साम्य आहे, मात्र ती पदाबरोबर येई आणि पदाबरोबर जाई. गावातील उत्तम, पाण्याजवळची जमीन बहुधा हीच असे. ही उतरंड ज्या गावात आहे, तेथे सर्वांच्या दारिद्र्याला एकच नाव देणे म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांना एकच पातळी म्हणण्यासारखे आहे.

सामाईक जमिनीविषयीही असेच म्हणावे लागेल. जावाच्या अनेक भागांत गावची खाचरे गोगोलांमध्ये ठरावीक काळाने फिरती वाटली जात. हा प्राचीन ग्रामसमाजाचा अवशेष, असे पुष्कळांना वाटले. परंतु डच सरकारने १८६८-६९ मध्ये ८०८ गावांत जमीनहक्कांची चौकशी केली, तेव्हा गावागावांत इतके वैविध्य आढळले की एकच प्राचीन नियम सांगणे अशक्य ठरले. पुढील अभ्यासकांनी दाखविले, की सक्तीच्या लागवडीच्या काळात अनेक ठिकाणी फिरती वाटणी वाढली. कारण सरळ होते. वेठीचे ओझे जमिनीवर बसत असे. म्हणून जमिनीचे वाटेकरी वाढवले की ओझ्याचेही वाटेकरी वाढत. जिला आपण औदार्य म्हणू पाहतो ती पुष्कळदा कराची वाटणी होती. येथे आपल्या इतिहासाशीही एक धागा जुळतो. १८११ ते १८१६ ह्या इंग्रजी अंमलात स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी जावात जमीनमहसुलाची जी पद्धत आणली, तिच्यामागे हिंदुस्थानातील रयतवारीचा अनुभव होता. सर्व भूमी राजसत्तेची आणि शेतकरी तिचा खंडकरी, हे सूत्र दोन्हीकडे एकच.

मालमत्ता म्हणजे केवळ जमीनही नव्हे. मुल्ताटुली ह्या टोपणनावाने एडुआर्ड डाउस डेकर ह्या डच अधिकाऱ्याने १८६० मध्ये ‘माक्स हाफेलार’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. जावाच्या पश्चिम टोकाला, बांतेन भागातील लेबाक जिल्ह्यात, १८५६ साली त्याने नोकरी केली होती. त्या कादंबरीतील साइजा नावाच्या मुलाची कथा जगभर गाजली. साइजाच्या बापाचा रेडा जिल्ह्याचा देशी अधिकारी ओढून नेतो. दुसरा रेडा घेण्यासाठी बाप वडिलार्जित क्रिस, म्हणजे कट्यार, विकतो. तोही रेडा जातो. मग सासरकडून आलेले मच्छरदाणीचे चांदीचे आकडे विकले जातात. एका कुटुंबाची सारी मालमत्ता त्या काही पानांत वाचकासमोर मांडली जाते आणि एकेक करून नाहीशी होते. लेखक येथे कोणताही सिद्धान्त सांगत नाही. पण काय होते, कोणी नेले आणि त्याऐवजी काय विकावे लागले, ह्याचा हिशोब तो चुकवीत नाही. नेमकी हीच शिस्त एका शतकानंतरच्या विद्वत्तापूर्ण ग्रंथात आम्हांला कमी पडलेली दिसते.

ती शिस्त पाळणारा ग्रंथ १९७३ मध्ये आला. योग्याकार्ताच्या दक्षिणेस श्रीहर्जो नावाचे गाव आहे. मासरी सिंगारिंबुन हे इंडोनेशियन समाजशास्त्रज्ञ आणि डेव्हिड पेनी हे शेती-अर्थशास्त्रज्ञ ह्या दोघांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि आपल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘आर्थिक अंकगणित’ असा साधा शब्द घातला. गीर्त्झ यांनी ज्या ‘चुकुपान’ शब्दावर विसावा घेतला, त्याच शब्दापासून ह्या दोघांनी आरंभ केला. तुमच्या मते पुरेसे म्हणजे किती, असे त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले. उत्तर मिळाले ते असे, की एका कुटुंबाला सुमारे ०.७ हेक्टर खाचर आणि ०.३ हेक्टर वाडी असेल तर ते पुरेसे. म्हणजे सारे मिळून एक हेक्टर, आपल्या हिशोबात अडीच एकर. ही काही हावरट मागणी नव्हे. तरीही गावातील बहुसंख्य कुटुंबे त्याच्या फार खाली होती. अशा कुटुंबांना नारळाच्या झाडावर चढून रस काढायचा, त्याचा गूळ करायचा, तो विकून तांदूळ घ्यायचा, आणि तेही झाड आपले नसेल तर मालकाला वाटा द्यायचा, असा दिनक्रम असे. ज्या शब्दाने एका ग्रंथात वर्गभेद झाकला गेला, तोच शब्द दुसऱ्या ग्रंथात मापाची काठी झाला. दोन्ही लेखकांनी खेडुताचाच शब्द उचलला. फरक एवढाच, की श्रीहर्जोच्या लेखकांनी त्याचा अर्थ खेडुतालाच विचारला.

कापणीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. ‘वाटून घेण्या’चे सर्वांत आवडते उदाहरण म्हणून जावाच्या कापणीचा दाखला दिला जातो. पूर्वी भात कापायला विळा वापरीत नसत. ‘आनी-आनी’ नावाचे चिमुकले पाते बोटांत धरून स्त्रिया एकेक लोंबी खुडीत. शेत पिकले की शेजारणी-पाजारणी, नातलग, कधी दूरच्या वाड्यांतल्या बायाही शेतात उतरत, आणि आपण खुडलेल्या भाताचा ठरावीक हिस्सा घरी नेत. ह्या हिश्श्याला ‘बावोन’ म्हणत. आलेल्याला परत पाठवू नये असा संकेत होता. मराठी वाचकाला येथे खळ्यावरच्या बलुत्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती आठवण उपयोगीही पडेल. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गांव-गाडा’ ह्या ग्रंथात बलुत्याचा भार कुणब्यावर कसा पडतो हे दाखविले. दया पवार यांनी १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये तोच वाटा घेणाऱ्याच्या हाताला कसा लागतो हे सांगितले. वाटा एकच, पण तो देणाऱ्याच्या अंगणातून पाहिला आणि घेणाऱ्याच्या झोळीतून पाहिला तर दोन निराळी पुस्तके होतात.

जावातही तसेच घडले. अॅन स्टोलर आणि बेंजामिन व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात योग्याकार्ता प्रदेशातील एका गावात मुक्काम केला. त्यांच्या लेखनात त्या गावाचे नाव ‘काली लोरो’ असे आहे. स्टोलर यांनी कापणीचे वाटे तपासले. सर्वांना शेतात उतरता येई हे खरे. परंतु नात्यातल्या आणि जवळच्या बाईला मोठा वाटा, परकीला लहान, अशी तफावत होती, आणि कोणाच्या शेतावर आपल्याला मानाने बोलावले जाईल हे आपल्या घरी किती जमीन आहे ह्यावर बरेचसे अवलंबून असे. व्हाइट यांनी घराघरांतील माणसांचे दिवसाचे तास कशात जातात ह्याची नोंद ठेवली. जमीन नसलेल्यांचे तास कमी नव्हते. त्या तासांचे मोल कमी होते. जेनिफर व पॉल अलेक्झांडर यांनी १९८२ च्या एका निबंधात तर स्पष्टच म्हटले, की वाटून घेतलेले दारिद्र्य ही खेड्याची वस्तुस्थिती नसून एक विचारप्रणाली आहे. त्याआधी त्यांनीच ऊस-भाताच्या गोड सहवासाविषयीही शंका घेतली होती. कारखान्याच्या भागात दिवसाचे कालव्याचे पाणी उसाला आणि रात्रीचे भाताला अशी पाळी असे. रात्री कंदील घेऊन बांधावर जागणारा कोण होता, हे सांगावयास नको. गीर्त्झ यांनी १९८४ मध्ये टीकाकारांना उत्तर दिले. खेड्याची संस्कृती केवळ आर्थिक आकड्यांत मावत नाही, असा त्यांचा रोख होता. हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. परंतु आकड्यांत न मावणारी गोष्ट सांगण्यापूर्वी मावणारी गोष्ट सांगून टाकावी, एवढी आमची अपेक्षा आहे.

बावोनची परीक्षा लवकरच झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस बुटक्या, लवकर पिकणाऱ्या संकरित भाताच्या जाती जावात आल्या. त्यांना खुडण्याच्या पात्यापेक्षा विळा सोयीचा. त्याच वेळी ‘तेबासान’ पसरली. म्हणजे शेतकऱ्याने कापणीच्या काही दिवस आधी उभे पीक व्यापाऱ्याला उक्ते विकायचे. व्यापारी बाहेरून आपली माणसे आणी, त्यांच्या हाती विळे देई, रोख मजुरी चुकती करी. गावच्या बायांना बांधावरून परतावे लागे. विल्यम कोलियर, गुनावान विरादी आणि सुन्तोरो यांनी १९७३ मध्ये ह्या बदलाची नोंद केली. ह्याच सुमारास गावोगाव लहान भातगिरण्या आल्या आणि मुसळाने भात कांडून चार दाणे मिळवणाऱ्या गरीब स्त्रियांचे तेही काम गेले. काही ठिकाणी ‘केदोकान’ वाढली. लावणी-बेणणी फुकट करून दिली तरच कापणीला बोलावणे, असा हा करार होता. उत्पादन वाढले; १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाल्याचे जाहीर झाले. हे यश खोटे नव्हते. पण शेजारधर्माच्या ज्या बंधनावर सिद्धान्त उभा होता, ते बंधन मालकाला सोडायचे होते तेव्हा त्याने सोडले. बाईला मात्र ते सोडण्याचा किंवा धरण्याचा अधिकार कधीच नव्हता. जिथे एका बाजूला निवड आहे आणि दुसऱ्या बाजूला केवळ आशा, तिथे ‘वाटून घेणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता कोण, हे तपासावेच लागते.

ह्या तपासणीला एक भयंकर पुरवणी आहे. १९६० मध्ये इंडोनेशियाने मूलभूत जमीन कायदा व कमाल जमीनधारणेचा कायदा केला. दाट वस्तीच्या भागात खाचराची मर्यादा पाच हेक्टर ठरली, आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबाला निदान दोन हेक्टर मिळावेत असे ध्येय मांडले गेले. जमीन तेवढी नव्हतीच. जी होती तीही वाटली जाईना. १९६३ नंतर साम्यवादी पक्षाच्या शेतकरी संघटनेने जमिनी परस्पर ताब्यात घेण्यास सुरुवात केली, आणि जावाच्या खेड्यांत मालक व भूमिहीन समोरासमोर आले. १९६५-६६ मध्ये साम्यवादी ठरवून लाखो माणसे मारली गेली. सर्वसाधारण अंदाज पाच लाखांच्या आसपास जातो. पारे ज्या केदिरी प्रदेशात आहे, तेथे हत्याकांड विशेष तीव्र होते. ग्रंथ १९६३ चा असल्याने पुढचे त्यात नाही, हा दोष नव्हे. पण कायदा १९६० चा होता, आणि ज्या समाजात वर्ग पडलेच नाहीत असे म्हटले, त्याच समाजात दोनच वर्षांनी शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे बोट दाखविले. पुढे १९९५ च्या ‘आफ्टर द फॅक्ट’ ह्या आत्मपर ग्रंथात गीर्त्झ स्वतःच पारेतील त्या रक्तपाताकडे वळले. तोवर तीस वर्षे गेली होती.

विद्वानांनी जे अर्धे सांगितले ते एका जावानी कादंबरीकाराने पुरे केले. अहमद तोहारी यांची ‘रोंगगेंग दुकुह पारुक’ ही कादंबरी १९८२ मध्ये आली. तिचे पुढील दोन भाग १९८५ व १९८६ मध्ये. अफाट भातखाचरांच्या मध्ये बेटासारखी एक दरिद्री वाडी, हे तिचे स्थळ. आरंभी तीन पोरे अवर्षणाने दगड झालेल्या जमिनीतून कसावाचे एक कंद उपसण्यासाठी झगडतात. सभोवार सोन्यासारखे भात आणि वाडीत कसावा! मालमत्तेची सारी रचना ह्या एका दृश्यात आहे. खोबऱ्याच्या पेंडीपासून केलेले ‘तेंपे बोंगक्रेक’ विषारी होऊन वाडीतली माणसे मरतात, तेव्हा ते अन्न गरिबांचेच का होते हे तोहारी भाषण न देता जाणवून देतात. नायिका स्रिंतिल ही नर्तिका आहे. संपूर्ण वाडीला तिचा अभिमान आहे, तिच्यावर जणू सर्वांचा हक्क आहे. परंतु १९६५ च्या वादळात तिला ‘वाटून घ्यायला’ कोणी पुढे येत नाही. सामाईक मालकीच्या भाषेचे हे काळे टोक कोणत्याही समाजशास्त्रीय ग्रंथात आम्ही इतके स्पष्ट पाहिलेले नाही. कादंबरीत दोष आहेत. वाडीच्या अज्ञानाविषयी लेखक कधीकधी फार वरून बोलतो. पण तो कोण उपाशी आहे हे विसरत नाही.

शेवटी आमच्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक नाव. युसुफ बिल्यार्ता मंगुनविजय हे जावानी कॅथलिक धर्मगुरू, वास्तुशिल्पी आणि कादंबरीकार. १९८१ ची ‘बुरुंग-बुरुंग मान्यार’ ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध आहे, आणि योग्याकार्तातील चोदे नदीकाठच्या गरिबांच्या वस्तीसाठी केलेल्या कामाला १९९२ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. जागतिक बँकेच्या कर्जातून मध्य जावात केडुंग ओंबो धरण बांधले गेले. जानेवारी १९८९ मध्ये त्यात पाणी भरू लागले, तेव्हा मोबदला नाकारून अनेक कुटुंबे आपल्या जागीच राहिली. पाच हजारांवर कुटुंबे ह्या धरणाने उठविली. जे हटेनात त्यांना त्यांच्या ओळखपत्रावर माजी राजकीय कैदी अशी खूण पडण्याची धमकी मिळे; १९६५ ची सावली चोवीस वर्षांनी जमिनीच्या मोबदल्यावर पडत होती. मंगुनविजय त्या पाण्याकाठी गेले आणि तेथल्या मुलांसाठी उभे राहिले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाढीव भरपाई मान्य केली. १९९४ मध्ये फेरविचारात तोच निकाल फिरविला गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती जमीन म्हणजे पूर्वजांची थडगी, नारळाची झाडे, पाण्याचा हक्क आणि शेजार होता. सरकारच्या दृष्टीने ते इतके चौरस मीटर होते. आणि तरीही त्या चौरस मीटरांचा हिशोब शेतकऱ्यानेच मागितला, कारण उरलेले काही दरपत्रकात बसणारे नव्हते.

ह्यावरून आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे, की खेड्याच्या आत्म्याचे वर्णन आणि खेड्याच्या सातबाऱ्याचे वाचन ह्या दोन परस्परविरोधी गोष्टी नाहीत. गीर्त्झ यांचा ग्रंथ आजही अवश्य वाचावा. खाचराचे वर्णन, इतिहासाची व्याप्ती आणि भाषेचे सामर्थ्य ह्यांसाठी तो वाचावा. मात्र त्याच्या शेजारी श्रीहर्जोचे अंकगणित, काली लोरोच्या कापणीच्या नोंदी आणि तोहारी यांची कादंबरी ठेवावी. सहभोजनाच्या चटईवर कोण कोण बसले, हे जितक्या प्रेमाने सांगितले, तितक्याच काळजीने तो तांदूळ कोणाच्या खाचरातून आला आणि तो कोणी खुडला, हेही सांगणारे पुस्तकच खेड्याशी पूर्ण न्याय करते. जावाच्या खेड्यांना हे मागण्याचा अधिकार आहे. आणि अशा पुस्तकांचा न्याय करणाऱ्या वाचकावरही तेवढेच कर्तव्य येते.